बँकेचा पत्ता बदलला. तुमच्या दुकानाचा पत्ता कुणाच्या नावावर आहे?

२०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे बऱ्याच जणांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. आमच्या वेबसाईटचा पत्ता बदलला आहे, आता शेवटी 'बँक डॉट इन' असेल. केवायसीच्या नावाखाली आलेल्या लिंकांनी आधीच तोंड पोळलेल्या लोकांना हा मेसेजच बनावट वाटला, आणि तसं वाटणं शहाणपणाचंच होतं. सोलापुरात पेठेपेठेत सहकारी बँकेची शाखा आणि गल्लोगल्ली पतसंस्था. त्यामुळे 'हे खरं की खोटं' हा प्रश्न नवी पेठेतल्या दुकानदारापासून पेन्शनवर असलेल्या काकांपर्यंत सगळ्यांना पडला.

बदल खरा आहे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरणाबरोबर तो जाहीर केला. एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नव्या पत्त्यावर यायला सांगितलं गेलं. हा पत्ता द्यायचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. ती रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली, आणि पत्ता देते तो फक्त बँकांना. पतसंस्था ही बँक नव्हे. त्यामुळे एखादी पतसंस्था 'बँक डॉट इन'वाली लिंक पाठवू लागली तर ती उघडायची नाही, थेट शाखेत जाऊन विचारायचं.

इथपर्यंत लोकांना पटतं. मग एखादा चादरीचा व्यापारी सहज विचारतो, 'असा पक्का पत्ता आम्हाला पण मिळतो का?' मिळतो. पण आधी तो वाचायचा कसा ते पाहू, कारण फसवणारे आणि अडवणारे दोघंही तिथेच हात मारतात.

पत्ता उजवीकडून वाचायचा

संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. प्रत्येक वेबसाईट कुठल्या तरी सर्व्हरवर असते आणि त्या सर्व्हरला आयपी पत्ता नावाचा आकडा असतो. माणसाच्या लक्षात आकडे राहत नाहीत, म्हणून पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा मांडली. तिला डीएनएस म्हणतात. आपण नाव टाइप करायचं, डीएनएसने आकडा शोधायचा, पान उघडायचं. या यंत्रणेत नोंदवलेलं नाव म्हणजे डोमेन.

आपण पत्ता डावीकडून वाचतो. डोमेनचा अधिकार मात्र उजवीकडून सुरू होतो. सगळ्यात शेवटी येणारं 'कॉम' किंवा 'इन' ही त्या नावाची शेपूट. 'बँक डॉट इन' ही जोडी एकच शेपूट धरायची. तिच्या लगेच डावीकडे जे आहे, तो खरा मालक. समजा लिंकमध्ये तुमच्या बँकेचं नाव आहे, पुढे डॉट बँक डॉट इन आहे आणि त्यानंतर तिरकी रेघ आहे किंवा काहीच नाही, तर पत्ता बँकेचा. पण 'डॉट बँक डॉट इन'च्या पुढे आणखी 'डॉट अमुकतमुक डॉट कॉम' लावलेलं असेल, तर मालक अमुकतमुकवाला. स्वतःच्या नावाच्या डावीकडे त्याने बँकेचं नाव लिहावं नाहीतर सिद्धेश्वराचं, त्याला कुणी अडवत नाही. बँक आणि इन यांच्यामध्ये डॉटऐवजी आडवी रेघ टाकायची ही तर जुनीच युक्ती.

मोबाइलवर हे आणखी अवघड होतं. पडदा लहान, पत्त्याचा अर्धा भाग कापलेला, आणि बहुतेक वेळा कापला जातो तो उजवीकडचाच. लिंक दाबण्याआधी तिच्यावर बोट दाबून धरलं की पूर्ण पत्ता दिसतो. तेवढी सवय लागली तरी निम्मं काम झालं.

नाव 'विकत' मिळत नाही

डोमेन विकत घेतलं असं आपण म्हणतो खरं, पण ते विकत कधीच मिळत नाही. महापालिकेच्या व्यापारी संकुलातल्या गाळ्यासारखं ते असतं. गाळा पालिकेचा, करार तुमच्या नावाने, मुदत ठरलेली. आत फर्निचर कितीही भारी करा, भाडं थकलं की कुलूप. आणि करार मेहुण्याच्या नावावर केला असेल तर गाळा मेहुण्याचा. वेबसाईट हे फर्निचर, डोमेन हा करार. लोक फर्निचरवर पन्नास-पन्नास हजार घालतात आणि करारावर नाव कुणाचं आहे ते विचारत नाहीत.

या व्यवहारात तीन पक्ष असतात. प्रत्येक शेपटीची मूळ वही सांभाळणारी संस्था म्हणजे रजिस्ट्री. 'कॉम'ची वही अमेरिकेतल्या व्हेरिसाईन कंपनीकडे आहे, 'इन'ची आपल्या निक्सी या संस्थेकडे. आपण ज्या कंपनीच्या वेबसाईटवर पैसे भरून नाव घेतो ती रजिस्ट्रार. आणि ज्याच्या नावाने नोंद होते तो नोंदणीधारक. 'कॉम'सारख्या जागतिक शेपट्यांचे नियम १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते. 'इन' ही भारताची शेपूट असल्याने तिचे नियम निक्सीचे. नोंदणी एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत करता येते.

भांडणं होतात ती जवळजवळ सगळी तिसऱ्या पक्षावरून, म्हणजे नोंदणीधारक कोण यावरून. आपल्याकडचा नेहमीचा प्रकार असा: मुलाचा मित्र किंवा भाचा वेबसाईट करून देतो. तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःचा ई-मेल टाकून नाव नोंदवतो. बऱ्याच जणांकडे रिसेलर खातं असतं, म्हणजे शंभर गिऱ्हाइकांची नावं एकाच पासवर्डखाली. यात खोटेपणा असतोच असं नाही, तेव्हा ते सोयीचं असतं इतकंच. पुढे तो पोरगा पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, आणि एके सकाळी दुकानाची वेबसाईट उघडत नाही.

सोलापूरचा एस, शोलापूरचा एच

आता नाव शोधण्याबद्दल. पहिलं 'कॉम' नाव मार्च १९८५ मध्ये नोंदवलं गेलं. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत इंग्रजीतले छोटे, अर्थपूर्ण शब्द बहुतेक उचलले गेले आहेत. 'टॉवेल', 'चटणी', 'कॉटन' यांसारखं एकशब्दी नाव 'कॉम'मध्ये मोकळं सापडेल ही आशा सोडून द्या. मोकळी असतात ती जोडनावं आणि स्वतः घडवलेली नावं.

तांत्रिक नियम थोडेच आहेत. रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालते. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही. दोन डॉटच्या मध्ये जास्तीत जास्त ६३ अक्षरं. अर्थात ६३ अक्षरांचं नाव घेणाऱ्याला नमस्कारच करायचा.

खरी अडचण आपल्याकडे वेगळीच आहे. नाव मराठी, टाइप करायचं रोमन लिपीत, आणि स्पेलिंग प्रत्येकाचं आपापलं. चादर म्हटलं की कुणी एक डी लावतो, कुणी दोन. भाकरीत एच घालायचा की नाही यावर एका घरात दोन मतं असतात. चटणीला अर्धे लोक इंग्रजी हॉटेलातलं स्पेलिंग लावतात आणि अर्धे उच्चाराबरहुकूम लिहितात. शहराचं नावसुद्धा यातून सुटलं नाही. इंग्रजांच्या काळातलं एच घातलेलं शोलापूर जुन्या पेढ्यांच्या पाट्यांवर आणि कागदपत्रांवर भेटतं, तर नवी पिढी सरळ एस-ओ लिहिते. शिवाय इथलं निम्मं गिऱ्हाईक घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारं. 'ळ', 'ण' आणि जोडाक्षरं असलेलं नाव त्यांच्या बोटांतून कसं उतरेल याचा भरवसा नाही.

म्हणून नाव पक्कं करण्याआधी एक परीक्षा घ्या. कागदावर लिहून दाखवू नका, फोनवर नुसतं बोलून सांगा आणि समोरच्याला टाइप करायला लावा. एक घरातलं वडीलधारं माणूस, एक कॉलेजातला पोरगा, एक पूर्व भागातला तेलुगूभाषक मित्र. तिघांनी तीन स्पेलिंगं लिहिली तर ते नाव कितीही गोड असो, सोडा. फारच जीव जडला असेल तर चुकीची दोन स्पेलिंगंही घेऊन ठेवा आणि ती मूळ नावाकडे वळवा, म्हणजे ती टाइप केली तरी तुमचंच पान उघडेल. वळवणं फुकट असतं, फक्त नोंदणीचा खर्च वाढतो.

आडवी रेघ मी कुणाला सुचवत नाही. फोनवर 'मध्ये डॅश आहे हां' असं आयुष्यभर सांगत बसावं लागतं, आणि बिनरेघेचं नाव कुणा प्रतिस्पर्ध्याने घेतलं की तुमची जाहिरात त्याच्या कामी येते. आकड्यांचंही तसंच. 'फोर' असा शब्द की चार हा आकडा, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार?

'सोलापुरी' हा शब्द नावात घालावासा वाटणं साहजिक आहे. पण सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. १९९९ च्या त्या कायद्यानुसार दुसरीकडे विणलेला माल या नावाने विकणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि डोमेनमध्ये ते नाव असेल तर तुम्ही स्वतःच पुरावा लावून ठेवला म्हणायचा. माल खरंच इथला असेल तर प्रश्न नाही. तरीही नुसतं 'सोलापुरीचादर' हे नाव सगळ्यांचंच आहे. त्यावर तुमची ओळख बसत नाही आणि उद्या शेजाऱ्याने त्याला एक शब्द जोडून नाव घेतलं तर तुम्हाला हरकतही घेता येत नाही. मानांकनाचा शब्द पानावर ठळक छापा, डोमेनमध्ये पेढीचं स्वतःचं नाव ठेवा.

'कॉम' मिळालं नाही तर

गिऱ्हाईक भारतातलं असेल तर 'इन' पुरेसं आहे. २००५ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे, लोकांच्या ओळखीचं झालं आहे आणि सहसा 'कॉम'पेक्षा स्वस्त पडतं. 'को डॉट इन'ही चालेल, पण लोक मधला 'को' विसरतात. माल परदेशात जात असेल तर मात्र 'कॉम'साठी थोडी धडपड करावी. नावाला 'टेक्स्टाईल', 'होम', 'मिल्स' असा धंद्याचा शब्द जोडला की बऱ्याचदा वाट निघते.

'इन' घेताना एवढं पाहा की त्याच नावाचं 'कॉम' कुणाकडे आहे. ते पान उघडून बघा. तिथे तुमच्याच धंद्यातला कुणी बसला असेल तर नाव बदला. गिऱ्हाईक सवयीने 'कॉम' टाइप करणार आणि ऑर्डर तिकडे जाणार.

'ऑनलाईन', 'शॉप', 'एक्सवायझेड' असल्या नव्या शेपट्या पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. नूतनीकरणाचा दर छोट्या अक्षरांत असतो आणि तो अनेकदा त्याच्या दहापट किंवा अधिक निघतो. घेण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर विचारायचा, पहिल्याचा नाही. 'कॉम'चा खर्च आजघडीला साधारण हजार ते दीड हजार रुपये वर्षाला, वर १८ टक्के जीएसटी. याच्या फार खाली किंवा फार वर कुणी सांगत असेल तर कारण विचारा.

मराठीतच पत्ता घेतला तर?

घेता येतो. देवनागरीतली 'डॉट भारत' ही शेपूट ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यात मराठी नाव ऱ्हस्व-दीर्घासकट नोंदवता येतं. स्पेलिंगची वर सांगितलेली सगळी कटकट एका फटक्यात मिटते. पण मला विचाराल तर मुख्य पत्ता म्हणून अजून नको. डीएनएस मुळात रोमन अक्षरांचं, त्यामुळे पडद्यामागे हे नाव एका विचित्र रोमन रूपात साठवलं जातं आणि काही ठिकाणी, विशेषतः लिंक कॉपी करून पाठवताना, तेच रूप समोर येतं. गिऱ्हाइकाला ते व्हायरससारखं दिसतं. देवनागरी ई-मेल पत्ता तर कित्येक फॉर्म स्वीकारतच नाहीत. रोमन नाव मुख्य ठेवा, जोडीला मराठी नाव घेऊन तिकडे वळवा. पाटीवर ते शोभतंही.

कुणीतरी आधीच अडवून बसलंय

ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभर गाजलेली गोष्ट आठवत असेल. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार असा अंदाज बांधून दिल्लीच्या एका तरुणाने दोन्ही नावं जोडलेलं 'कॉम' डोमेन आधीच घेऊन ठेवलं होतं. विलीनीकरणाच्या बातम्या आल्यावर त्याने त्या पानावर पत्र लिहिलं: केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या, नाव घ्या. पुढे ते नाव दुबईतल्या दोन मुलांकडे गेलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाची सेवा सुरू झाली. ही बातमी वाचून आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी मोठ्या कंपन्यांची नावं जोडून-जोडून डोमेनं घेतली. त्यात कमाई नाही, नोटीस आहे.

सामान्य शब्द घेऊन ठेवणं आणि जादा दराने विकणं कायदेशीर आहे. जुन्या नावांचा तो रीतसर बाजार आहे. तुम्हाला हवं असलेलं नाव तिथे दोन लाखांना लावलेलं असेल तर बहुतेक वेळा दुसरं नाव शोधणंच परवडतं. घ्यायचंच ठरलं तर पैसे थेट खात्यात टाकू नका. पैसे आणि नाव दोन्ही मध्ये धरून ठेवणारी एस्क्रो सेवा असते, तिच्यामार्फतच व्यवहार करा.

'आम्ही नाव शोधून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं होतं' अशीही तक्रार ऐकू येते. बहुतेकदा तो योगायोग असतो, पण संशय अगदीच निराधार नाही. २००८ मध्ये अमेरिकेतला एक मोठा रजिस्ट्रार लोकांनी शोधलेली नावं स्वतःच चार दिवस अडवून ठेवत असे आणि त्यावरून खटलाही झाला. नाव पक्कं होईपर्यंत शोधाशोध करू नका, आणि शोधलंत तर त्याच बैठकीत घेऊन टाका. हजार रुपयांसाठी 'घरी विचारून सांगतो' म्हणू नका.

नाव घेतल्यावर एक ई-मेल हमखास येतो. 'चीनमधली एक कंपनी तुमच्या नावाचं डोमेन नोंदवायला आमच्याकडे आली आहे, तुमची हरकत आहे का?' तशी कुठलीच कंपनी नसते. घाबरून तुम्ही दहा भलत्या शेपट्या महाग दराने घ्याव्यात एवढाच हेतू. असाच दुसरा ई-मेल नूतनीकरणाच्या बिलासारखा दिसतो. ज्या कंपनीकडे पैसे भरलेच नाहीत तिचं बिल आलं, तर ते कचऱ्यात.

'इन्स्टा आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग हवंय कशाला?'

प्रश्न रास्त आहे. शेंगा चटणीची आणि कडक भाकरीची पाकिटं घरबसल्या विकणाऱ्या ताईंचं आज व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तम चाललं असेल तर वेबसाईटची घाई नाही. तरी डोमेन घेऊन ठेवावं, कारण इन्स्टाचं खातं एका तक्रारीवर बंद पडतं आणि दाद मागायला समोर माणूस नसतो. नाव तुमचं असेल तर आज ते इन्स्टाकडे वळवा, उद्या दुकानाच्या पानाकडे. पाकिटावर छापलेला पत्ता तोच राहतो.

माल बाहेर पाठवणाऱ्यांची गोष्ट निराळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातदाराने मला पडद्यावर दोन ई-मेल शेजारीशेजारी उघडून दाखवले. दोन्हीत तोच लोगो, तीच सही, तेच प्रोफॉर्मा म्हणजे आगाऊ बिल, फक्त बँक खातं वेगळं. पत्ता नीट पाहिला तेव्हा कळलं: खऱ्या नावातल्या 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं चिकटून बसली होती. पडद्यावरच्या बारीक टायपात दोन्ही हुबेहूब सारखी. परदेशातल्या खरेदीदाराने पैसे भरण्याआधी फोन केला म्हणून निभावलं. आपल्या नावात 'एम' असेल तर 'आर-एन'वालं रूप स्वतःच घेऊन टाकावं, 'एल'च्या जागी एकचा आकडाही तसाच. आणि खातं बदलल्याचं कुठल्याही ई-मेलवर मान्य करायचं नाही, हे खरेदीदाराला पहिल्याच पत्रात लिहून कळवावं.

हातात आलेलं नाव टिकवायचं कसं

खातं स्वतः उघडा. नोंदणीधारक म्हणून पेढीचं किंवा मालकाचं नाव, मोबाइल मालकाचा. ई-मेल मात्र त्याच डोमेनवरचा नको. नाव बंद पडलं की ई-मेलही बंद पडणार, मग पासवर्ड बदलण्याचा दुवा येणार कुठे? साधा जीमेल ठेवा, त्याला आणि रजिस्ट्रारच्या खात्याला ओटीपीचं दुहेरी कुलूप लावा. नवं 'कॉम' घेतल्यावर पडताळणीचा ई-मेल येतो. त्याला १५ दिवसांत प्रतिसाद दिला नाही तर नाव स्थगित होऊ शकतं. तो ई-मेल भाच्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिल्याने सुरू झालेली वेबसाईट पंधरवड्यात बंद पडते आणि कुणाला कारण कळत नाही.

खात्यात 'ट्रान्सफर लॉक' नावाचं बटण असतं, ते चालू ठेवा. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना एक गुप्त कोड लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात. तो मागणारा माणूस 'फक्त होस्टिंग बदलायचंय' म्हणत असेल तर तो चुकतोय किंवा खोटं बोलतोय. होस्टिंग म्हणजे वेबसाईट ठेवलेली सर्व्हरवरची जागा, ती बदलायला तो कोड लागत नाही.

'ऑटो रिन्यू चालू आहे' यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून परस्पर होणाऱ्या वसुलीला आधी रीतसर संमती नोंदवावी लागते. परदेशी रजिस्ट्रारच्या बाबतीत ती नोंद बऱ्याचदा झालेलीच नसते आणि पैसे कापले जात नाहीत. पाच वर्षांचे एकदम भरून टाकणं सगळ्यात सुटसुटीत.

मुदत संपली की काय होतं

त्याच दिवशी नाव जात नाही. 'कॉम'च्या बाबतीत मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवणीचे ई-मेल येतात, मुदत उलटल्यावर आणखी एक. वेबसाईट बंद पडते, पण बहुतेक रजिस्ट्रार काही आठवडे नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात. किती आठवडे हे ज्याचा तो ठरवतो. त्यानंतरच्या ३० दिवसांत नाव परत मिळतं, पण दंड भरून, आणि तो दंड हजारांत असतो. मग पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी नाव बाजारात मोकळं. तिथे ते झेलायला संगणक टपलेले असतात. जुन्या नावाला गिऱ्हाईक असतं, त्यामुळे ते जुगाराच्या किंवा अश्लील जाहिरातींसाठी वापरलं जातं. शाळा-कॉलेजांची जुनी नावं अशी गेलेली पाहिली की वाईट वाटतं. माहितीपत्रकावर पत्ता तोच, आणि पालक उघडतात तेव्हा समोर रमी.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या लॉगिनसाठीच्या नावाचं नूतनीकरण विसरली आणि ऐन नाताळात तिच्या हॉटमेल या ई-मेल सेवेत लॉगिन होईना. शेवटी एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते सोडवलं. आपल्याला असा भला माणूस भेटेलच असं नाही.

'मग कोर्ट आहे की'

आहे, पण ट्रेडमार्क असेल तर वाट सोपी. डोमेन अडवण्याविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही. न्यायालयं ट्रेडमार्कच्या तत्त्वांनीच निवाडा करतात. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ या इंटरनेट कंपनीच्या बाजूने आदेश दिला, कारण समोरच्याने एक अक्षर बदलून 'रॅडिफ' घेतलं होतं. २००४ मध्ये सिफी या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळतं हे स्पष्ट केलं.

कोर्टाबाहेरही मार्ग आहे. 'इन'साठी निक्सीकडे तक्रार करता येते, निक्सी लवाद नेमते. तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव तुमच्या नावाशी गोंधळ होण्याइतकं मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं आहे. 'कॉम'साठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जायचं तर नुसती फी १५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. त्यापेक्षा छोट्या उद्योगाला एका वर्गात ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज ४५०० रुपयांत करता येतो. चादरी-टॉवेल वर्ग २४ मध्ये, तयार कपडे आणि गणवेश २५ मध्ये, चटणी ३० मध्ये. अर्जाआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधून पाहायला पैसे लागत नाहीत, आणि डोमेन घेण्याआधीच ते पाहिलेलं बरं.

नाव डेव्हलपरच्या खात्यात अडकलंय

आयकॅनच्या लुकअप पानावर, किंवा 'इन' असेल तर निक्सीच्या, आपलं नाव टाकून पाहा. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते कळेल. नोंदणीधारकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं. ते डेव्हलपरलाच विचारा: 'खातं कुणाचं आहे, स्क्रीनशॉट पाठव.'

संबंध बरे असतील तर त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा आणि त्याला नाव तुमच्या खात्यात 'पुश' करायला सांगा. काही मिनिटांचं काम, सहसा फुकट, वेबसाईटला धक्का लागत नाही. रजिस्ट्रारच बदलायचा असेल तर लॉक काढणं, ऑथ कोड आणि काही दिवसांची वाट. 'कॉम' नुकतंच घेतलेलं असेल तर पहिले ६० दिवस ते हलत नाही. मुदत संपायला आलेली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या, मग हलवा.

संबंध बिघडले असतील तर त्याचं बिल थकलं आहे का ते आधी पाहा. असलं तर भरा. मग डोमेनचे पैसे दिल्याच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र एकत्र करून रजिस्ट्रारला लिहा. नोंदणीधारक म्हणून पेढीचं नाव असेल तर तो ऐकतो. डेव्हलपरचं नाव असेल तर वकिलाची नोटीस, आणि तीही मुदत संपायच्या पुरेशी आधी.

नवी वेबसाईट करून घेणार असाल तर कोटेशनवर डेव्हलपरकडून एक ओळ लिहून घ्या: 'डोमेनची नोंदणी ग्राहकाच्या खात्यात, ग्राहकाच्या नावाने आणि ई-मेलवर होईल, व त्याचे पैसे ग्राहक थेट रजिस्ट्रारला भरेल.' त्याला काम करायला पासवर्ड द्यावा लागत नाही. रजिस्ट्रारच्या खात्यात दुसऱ्याला मर्यादित प्रवेश देण्याची सोय असते, ती नसली तर त्याच्याकडून नेमसर्व्हरचे, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारे, तपशील घ्या आणि स्वतः भरा.